पावलं बघणारी काठी

मी काठी बोलतेय. तुतीच्या लाकडाची, वर जराशी वाकडी, खाली लोखंडी शेंबी ठोकलेली. सध्या माझा मुक्काम म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात, एका खोलीत, कपाट आणि भिंत यांच्या फटीत आहे. इथून मला पलंगाचे पाय दिसतात, येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं दिसतात आणि पलंगावरून खाली लोंबणारा एका म्हातारीचा हात दिसतो. तो हात मी ओळखते. त्याच्याआधी तिच्या बापाचा हात ओळखत होते आणि त्याच्याआधी बापाच्या बापाचा.

एवढं ऐकलं की लोक मनातल्या मनात हिशेब करतात. तीन पिढ्या, म्हणजे फार तर शंभर वर्षं. तिथंच सगळे चुकतात. या तीन पिढ्यांत दोनशेहून जास्त वर्षं मावली आहेत. या घरातली माणसं सत्तरीला टेकल्यावर बाप झाली. का झाली, तेच मला सांगायचंय. माझ्या पोटात भुंग्यानं घर केलंय आणि रोज थोडा थोडा भुसा खाली पडतोय, तेव्हा लांबण लावण्यात अर्थ नाही.

मी जन्मले ती घाईत. दोन राजांचं भांडण होतं आणि आमचं गाव नेमकं दोघांच्या मधे. एका सकाळी एका राजाची फौज आली आणि म्हणाली, गाव उठवा. दुपारपर्यंत एकही माणूस इथं दिसता कामा नये. एका बाईनं परसातल्या तुतीची फांदी कोयत्यानं तोडली, डहाळ्या छाटल्या आणि मला हातात धरलं. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. एका बाजूला आठ वर्षांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला चार वर्षांची मुलगी. मुलीला सगळे ठकी म्हणायचे.

फौजेनं लोकांना नदीवर आणलं. पलीकडे न्यायला दोन नावा होत्या. गर्दी इतकी की बाईला गाठोडं, काठी आणि दोन पोरं सांभाळता येईनात. शेजारची बाई म्हणाली, "दे ठकीला माझ्याकडे. पलीकडे गेल्यावर घे." ठकी तिच्या कडेवर गेली. तेवढ्यात एका शिपायानं मधे भाला आडवा धरला. इकडचे या नावेत, तिकडचे त्या नावेत. बाई ओरडली, पण त्या घाटावर सगळेच ओरडत होते.

आमची नाव समोरच्या काठाला लागली. दुसरी धारेला लागली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. ती बुडाली नाही. ती खाली कुठेतरी सुखरूप लागली आणि त्यातल्या लोकांना दुसऱ्याच रस्त्यानं हाकललं, एवढं नंतर समजलं. एवढंच समजलं. याच्यापुढे आजतागायत कोणाला काही समजलेलं नाही.

बाई त्या थंडीत गेली. जाण्याआधी तिनं मुलाला जवळ घेतलं. या घराण्याच्या रक्तात एक खूण होती. पायाच्या अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्ध्यापर्यंत एकमेकांना जुळलेली असायची. बाईची होती, मुलाची होती, ठकीचीही होती. ती म्हणाली, "नाव विसरेल ती. तोंडवळा बदलेल. पाय बदलत नाहीत. पाय बघत जा."

मुलानं ते मनावर घेतलं. म्हणजे किती घेतलं, याची त्या माउलीला कल्पना असती तर ती बोलली नसती.

तो वाढला आणि धारवाला झाला. चाक पाठीवर, मी हातात, आणि गावोगाव फिरून चाकू-सुऱ्यांना धार लावायची. धंदा त्यानं विचार करून निवडला होता. धारवाला जमिनीवर बसतो आणि बायका सुरी घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहतात. त्याच्या डोळ्यांसमोर त्यांची पावलं येतात. सरळ विचारायची सोय नव्हती. सुरुवातीला त्यानं एकदोघींना विचारलंही होतं, "बाई, जरा पाय दाखवता का?" त्यावर जे मिळालं ते त्याच्या पाठीनं आणि मी दोघांनी भोगलं. मग तो गप्प बसून बघायला शिकला.

आधी तो लहान मुलींची पावलं बघायचा. मग तरण्या पोरींची. मग लेकुरवाळ्या बायकांची. ठकी जसजशी मोठी होत असेल तसतशी त्याची नजर मोठी होत गेली. एखाद्या घरात बरं स्थळ सांगून यायचं. घरमालकीण म्हणायची, "किती दिवस असा वणवण फिरणार? एक पोरगी आहे आमच्या नात्यात." तो म्हणायचा, "आधी बहीण सापडू दे. तिच्याशिवाय माझ्या लग्नात उभं राहायला माझं आहे कोण?" असं म्हणत म्हणत त्याचे केस पिकले. मग तो पांढऱ्या केसांच्या बायकांची पावलं बघू लागला. थंडीत त्याचे हाल व्हायचे. लोक पायांत बूट घालायचे आणि त्याचे ते महिने फुकट जायचे.

सत्तरीच्या आसपास एका गावात त्याच्या गुडघ्यानं दगा दिला. तिथं एका पस्तिशीतल्या विधवेची खाणावळ होती. तिनं त्याला ओसरीवर जागा दिली, गुडघ्याला शेक दिला आणि बरीच वर्षं एकटी राहिलेली माणसं जशी बोलतात तशी ती आडपडदा न ठेवता म्हणाली, "तुम्हाला कुठं जायचं नाहीये आता. मलाही कोणी यायचं नाहीये. राहा इथंच." तो राहिला. वर्षभरात मुलगा झाला. गावानं तोंडाला पदर लावून हसून घेतलं. म्हातारा मात्र हसला नाही. त्यानं दुपट्यातून बाळाचं पाऊल बाहेर काढलं, जुळलेली बोटं बघितली आणि कितीतरी वेळ ते पाऊल मुठीत धरून बसला.

म्हाताऱ्या बापाच्या पोराला बालपण असतं का, मला सांगता येणार नाही. मी तरी पाहिलं नाही. त्या पोराला ठाऊक होतं की बाप जाणार आहे. तो सकाळी उठला की आधी बापाच्या छातीकडे बघायचा, हलतेय ना. आणि बापालाही ठाऊक होतं, म्हणून तो घाई करायचा. इतर बाप पोरांना गोष्टी सांगतात, हा नदी सांगायचा. घाट कसा होता, वळण कुठं होतं, शेजारणीच्या लुगड्याचा रंग कोणता होता. पोराला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा म्हातारा गेला. शेवटी त्यानं मला पोराच्या हातात दिलं आणि विचारलं, "बघशील ना?" दहा-अकरा वर्षांचं पोर. ते "हो"शिवाय दुसरं काय म्हणणार होतं?

हा मुलगा बुटांचा कारागीर झाला. बापाचे थंडीतले हाल त्यानं ऐकले होते. बुटाच्या दुकानात उलटं असतं, ऐन थंडीत लोक स्वतःहून पाय उघडे करतात. कागदावर पाऊल ठेवायचं आणि पेन्सिलनं भोवती रेघ मारायची. त्याच्या दुकानात मी दाराशी उभी असायची. माणसं काय काय लपवतात ते मी तिथं पाहिलं. श्रीमंतांच्या मोज्यांना भोकं असतात. भांडून आलेल्या नवराबायकोची पावलं एकमेकांकडे पाठ करून बसतात. कारागीर हे काही बघत नव्हता. तो बोटं बघायचा.

आत्या तर आता जिवंत असणं शक्य नव्हतं. पण तिची मुलं असतील, नातवंडं असतील. तेवढ्यासाठी त्यानं तीनदा गावं बदलली. एका गावातली सगळी पावलं मापून झाली की दुकान उचलायचं आणि नदीच्या आणखी खालच्या अंगाला जायचं. असल्या माणसाला मुलगी कोण देणार? त्याचंही आयुष्य बापाच्याच वळणानं गेलं. सत्तरीला आला तेव्हा दुकानात बुटांचे वरचे भाग शिवायला एक बाई होती. चाळिशीची, एकटी, तोंडानं फटकळ. तिनंच एक दिवस सुई ठेवून विचारलं, "हरवलेल्यांना शोधून झालं असेल तर समोर बसलेलं माणूस दिसतंय का?"

त्यांची मुलगी म्हणजे आज या पलंगावर आहे ती म्हातारी.

तिची आई वैतागायची. म्हणायची, "या घरात जिवंत माणसांना कोणी विचारत नाही. जी कधी पाहिली नाही तिचा पत्ता आधी." पण मुलीला बापाचं सगळं तोंडपाठ झालं होतं. ती ठकीला आत्याआजी म्हणायची, जशी शेजारच्या गल्लीत राहणारी कोणी असावी.

शाळेत एकदा इतिहासाच्या तासाला तो धडा आला. धडा कसला, चार ओळी होत्या. अमुक राजानं सरहद्दीवरची गावं उठवली आणि लोकांना नदीपार पाठवलं. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझे आजोबा त्या नावेत होते."

वर्ग हसला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी समजावलं, "बाळ, याला खूप वर्षं झाली. तुला पणजोबांचे पणजोबा म्हणायचं असेल."

"नाही बाई, आजोबाच."

"खोटं बोलू नये."

ती रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी तिचा बाप मला टेकत टेकत शाळेत गेला. ऐंशीच्या घरातला माणूस, पायऱ्या चढताना माझ्यावर सगळा भार. शिपायानं विचारलं, "कोणाचे आजोबा?" तो म्हणाला, "बाप आहे मी." वर्गात जाऊन तो बाईंसमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "माझे वडील होते त्या नावेत. त्यांनी मला स्वतः सांगितलंय, त्यांच्या मांडीवर बसून ऐकलंय मी. ही काठी त्यांच्या आईची. आणि त्यांची बहीण अजून सापडलेली नाही. तेवढं मुलांना सांगा." त्या दिवशी वर्गात कोणी हसलं नाही. बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं.

मुलगी मोठी झाली आणि नर्स झाली. बाळंतिणींच्या दवाखान्यात. हे कसं ठरलं ते वेगळं सांगायला नको. जन्मलेल्या बाळाचं पाऊल सगळ्यांत आधी तीच बघणार होती. बाप तर मोहरून गेला होता. "आता ती सापडणार," म्हणाला, "या गावात जन्मेल ते प्रत्येक पोर तुझ्या हातातून जाईल."

आणि सापडलं. नोकरीला लागून थोडेच महिने झाले होते. एका मुलाच्या पावलाची दोन बोटं अर्ध्यापर्यंत जुळलेली. तिनं ते पाऊल दोनदा उजेडात धरून बघितलं. तिनं बाळाच्या आईला तिच्या आजीचं गाव विचारलं, पणजीचं विचारलं. डोंगरापलीकडची माणसं होती, नदीशी काही संबंध नव्हता. तरी ती खुश होती. काही महिन्यांनी दुसरं बाळ आलं, तसंच. मग तिसरं. ती गोंधळली आणि वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना तिनं विचारलं.

त्या हात धुता धुता म्हणाल्या, "अगं, हे होतं कितीतरी मुलांना. हजार-दोन हजारांत एखाद्याला असतंच. काही त्रास नसतो. का गं, काय झालं? बस, बस खाली."

ती दुपारी घरी आली तेव्हा बाप दुकानात बसला होता. नव्वदीला आलेला, तरी समोर एका गिऱ्हाइकाचं पाऊल घेऊन रेघ मारत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती उभी राहिली. मग तिनं दार लोटलं.

"बाबा, ती खूण आपली एकट्यांची नाही."

तो कागदावरच्या रेघेवरून पेन्सिल फिरवत राहिला.

"डॉक्टर सांगतात, हजारात एकाला असते. कोणाचंही पाऊल तसं असू शकतं. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"म्हणजे आजोबांना ती दिसली असती तरी कळलं नसतं. आणि भलतीच कोणी दिसली असती तरी..."

"मला माहीत आहे गं," तो म्हणाला.

ती त्याच्यासमोर गिऱ्हाइकाच्या जागेवर बसली.

"दुकान घातलं त्या पहिल्याच वर्षी एक बाई आली तशा पायाची. मी रडलो तिच्यासमोर. ती घाबरून गेली. मग दुसरी आली. मग एक पोलीस आला. मग भाजीवाली. किती आले. तुला काय वाटलं, एवढी पावलं मापणाऱ्याला कळणार नाही?"

"मग का बघत राहिलात? आयुष्यभर? मला का पाठवलंत तिथे?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "माझे वडील शेवटी विचारत होते, बघशील ना. त्यांना हो म्हटलं होतं मी. नंतर कळलं की त्या खुणेचं काही खरं नाही, पण तेव्हा ज्यांना सांगायचं ते नव्हते. आणि बाळ, मी बघायचं सोडलं असतं तर जगात तिला शोधणारं कोणी उरलं नसतं. एवढं लहान पोर. कोणीच शोधत नाही, असं कसं करायचं?"

आतून तिची आई आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ही बाई गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

तो त्याच वर्षी गेला. जाताना त्यानं मुलीला काही विचारलं नाही. मला वाटतं, मुद्दामच विचारलं नाही. पण न विचारलेला प्रश्नही काही माणसं उचलतात.

औषधांच्या दुकानातल्या एका तरुणाला ती आवडली होती. चांगला माणूस, मनानं सरळ. तिनं त्याला बागेत बसून सगळं सांगितलं. बाप गेल्यापासून ती मला सोबत घेऊन फिरायची, मी बाकाला टेकून ऐकत होते. तो म्हणाला, "तुझं दुःख मला कळतं. मी आयुष्यभर ऐकेन. फक्त एक कबूल कर. आपल्या मुलांना हे सांगायचं नाही. त्यांना मोकळं वाढू दे."

तिनं खूप वेळ विचार केला. नाही सांगणार, असं तिच्यानं म्हणवेना. आणि सांगितलं तर काय होतं ते तिनं बापात आणि स्वतःत पाहिलं होतं. शेवटी ती म्हणाली, "मला नाही जमायचं. सांगायलाही नाही आणि न सांगायलाही नाही." तो गेला. तिनं त्याला थांबवलं नाही, पण माझ्या मुठीवरचा तिचा हात इतका आवळला होता की मला अजून आठवतो.

लग्न तिनं केलंच नाही. नोकरीभर बाळांची पावलं बघत राहिली. नुसतीच बघायची, कोणाला काही विचारायची नाही. सगळ्यांना वाटायचं, सिस्टरांना बाळांच्या पावलांचं वेड आहे. नवी आई हसून बाळ पुढे करायची, "घ्या सिस्टर, बघा." ती बघायची, पाऊल दुपट्यात नीट गुंडाळायची आणि पुढच्या पाळण्याकडे जायची.

आता ती शहाऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी घरात पडली आणि इथं आली. इथल्या लोकांनी तिला चालायला स्टीलची चौकट दिली, चार पायांची. मला कपाटामागे सरकवलं. राग नाही. ती चौकट माझ्यापेक्षा भक्कम आहे.

राग नाही, पण भीती वाटते. तिची आठवण पाझरत चालली आहे. आधी कालपरवाचं गेलं. मग नोकरी गेली, सहकारी गेल्या, बाग गेली. एक दिवस डॉक्टरीणबाईंचे शब्दही गेले आणि त्या दिवसापासून ती पुन्हा शोधू लागली. सफाईवाल्या मावशींना म्हणायची, "चप्पल काढा ना जरा." मावशी बिचाऱ्या काढायच्या. डॉक्टरांना म्हणायची. भेटायला आलेल्या परक्या माणसांना म्हणायची. मी फटीतून बघायची आणि मला वाटायचं, बाई गं, विसरायचं तर सगळंच विसरायचं होतंस. नेमकं तेवढंच का विसरलीस?

आता तेही संपलं. आता ती पावलं बघत नाही. गेल्या आठवड्यापासून ती पलंगाची कड घट्ट धरून बसते आणि खाली फरशीकडे बघते, जणू फरशी हलतेय. गुडघे पोटाशी घेते. आवाज बारीक झालाय, चार वर्षांच्या पोरीसारखा. आणि ती हाक मारते, "दादा."

थोडं थांबते, कान देते. पुन्हा, "दादा, मी इकडे आहे."

शेजारच्या पलंगावरच्या आजी कुरकुरतात. परवा नर्सनं कागदपत्रं चाळून बघितली आणि मावशींना म्हणाली, "कोणाला हाका मारतात या? यांना भाऊ कधी नव्हताच. एकुलत्या एक आहेत."

मावशी म्हणाल्या, "मग बोलवायचं तरी कोणाला?"

"कोणालाच नाही. भ्रम आहे तो. चालायचंच."

मी कपाटामागून सगळं ऐकलं. या खोलीत मी एकटीच अशी आहे जिला ठाऊक आहे की ही हाक भ्रमाची नाही, ठकीची आहे. फार उशिरा पोचली आहे, इतकंच. ज्याच्यासाठी आहे तो माझ्या शेजारी आमच्या नावेत उभा होता, आईचा पदर धरून, वळणाकडे बघत. त्याला ही ऐकू आली असती तर तो पाण्यात उतरला असता. त्यानं याच हाकेसाठी सगळं आयुष्य चालून काढलं, त्याच्या मुलानं काढलं, आणि आता ती आली आहे तर ऐकायला त्यांच्यातलं कोणी उरलं नाही.

उद्या ही खोली रंगवायला घेणार आहेत. रंगाऱ्यांचा मुकादम सकाळी मला शेंबीला धरून उचलत म्हणाला, "ही तर पोखरलीय. टाकून द्या." तेव्हा माझं काय व्हायचं ते होईल. एका काठीला एवढं आयुष्य पुष्कळ झालं.

माझं मागणं माझ्यासाठी नाही. मावशी असोत, नर्स असो, रंगारी असो, तुम्ही असा. ती हाक मारेल तेव्हा तिच्या जवळ असाल तर तिला भ्रम आहे म्हणून सांगू नका, उद्या येतील म्हणून थापही मारू नका. तिच्या पलंगाशी वाका आणि नुसती ओ द्या. मी लाकूड आहे, मला देता येत नाही.